मास्तरच्या बाजूचा ब्रेक

१

हिंगोलीच्या बाहेर, औंढ्याच्या रस्त्याला, एका पत्र्याच्या शेडमध्ये संतराम मास्तरांची ड्रायव्हिंग स्कूल आहे. मास्तर तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते आणि तीस वर्षांत त्यांच्या गाडीखाली कुत्रंसुद्धा आलं नाही, असं लोक सांगतात. जानेवारीच्या पाच तारखेला मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि ट्रक शिकायचा आहे म्हणालो. त्यांनी माझं लायसन्स हातात घेतलं, उलटून पाहिलं.

"विश्वंभर, बाकीचे कागद बी असतील तुझे," ते म्हणाले. "सगळे काढ."

मी काढले. सात वर्षं मी पिकअप चालवली होती. त्यात वेगाच्या पाच पावत्या. एकदा वसमतच्या रस्त्याला उसाच्या बैलगाडीला मागून ठोकलं, त्यात एक बैल गेला. एकदा पहाटे डोळा लागला आणि गाडी कालव्यात उतरली. आणि दोन वर्षांपूर्वी शिरड शहापूरजवळ पद्माबाई. त्या वेळी लायसन्स सहा महिने बंद राहिलं.

"ही बाई कशी सापडली?" मास्तरांनी विचारलं.

"अचानक आडवी आली. मला रस्त्यावर कोणी दिसलंच न्हाई."

पोलिसांना, वकिलाला, बायकोला, सगळ्यांना मी हेच सांगितलं होतं. आता ते तोंडातून आपोआप निघायचं.

"जित्ती हाय?"

"हाय. कमरेखालचं गेलं. बोलणं बी गेलं. खाटेवरच असते."

"भेटून आलास का कधी?"

"न्हाई."

मास्तरांनी कागद सारखे केले आणि परत दिले.

मला ट्रकशिवाय दुसरी वाट नव्हती. पिकअप गेली होती. कोमल, माझी बायको, सहा वर्षांच्या वैष्णवीला घेऊन नरसीला माहेरी गेली होती. जाताना भांडली नाही. एवढंच म्हणाली, "नीट कामाला लागा, मंग आमाला न्यायला या." हिंगोलीतून हळद भरून सांगलीला गाड्या पाठवणारे हरिचंद शेठ माझ्या ओळखीचे होते; पण तेही म्हणाले, "तुझ्या हातात किल्ली द्यायला मला भ्याव वाटतं बाबा. संतराम मास्तरांनी शब्द टाकला तर देतो."

"उद्या नऊला ये," मास्तर म्हणाले. "साफ कागदवाले लई पोरं शिकवले मी. त्यांना कशाचं भ्याव नसतं. तुला असंल, असं धरून चालतो."

२

शिकायचा ट्रक जुना, लाल रंगाचा. मागं हौद्यात वाळूची पोती टाकलेली, गाडी अगदी हलकी चालू नये म्हणून. ड्रायव्हरसमोर क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. आणि डाव्या बाजूला, मास्तर बसायचे तिथं, पायाखाली आणखी एक ब्रेक. दोन्ही ब्रेक खालून एका लोखंडी रॉडनं जोडलेले. मास्तरांनी त्यांच्या बाजूचा दाबला की माझ्या बाजूचाही आपोआप खाली जायचा. शिकाऊ माणूस गडबडला तर मास्तरनं गाडी थांबवायची, यासाठी ती सोय.

रोजचा क्रम ठरलेला. नऊला शेडमध्ये हजर. टायरवर ठोकून बघायचं, पाणी बघायचं, आरसे पुसायचे. साडेनऊला गाडी बाहेर. औंढ्याच्या रस्त्यानं जायचं, पुढं सिद्धेश्वरच्या बाजूला वळायचं, धरणाच्या अलीकडून परत. तो रस्ता मोकळा. दोन्ही बाजूंना हरभरा, गहू, मधेच हळदीचा वाळत आलेला पाला. मास्तर फार बोलत नसत. "गिअर खाली घे." "आरसा बघ." बस.

पहिल्याच दिवशी, दहा वाजले असतील, सरळ रस्त्यावर माझ्या पायाखालचा ब्रेक खाली गेला. मी सवयीनं क्लच दाबला. गाडी सावकाश थांबली. समोर कोणी नव्हतं. मागं कोणी नव्हतं.

मला वाटलं, माझी काहीतरी चूक झाली. मी मास्तरांकडं पाहिलं. ते समोर बघत होते.

थोड्या वेळानं ब्रेक वर आला. आम्ही निघालो.

शेडमध्ये परत आल्यावर मी विचारलं, "मास्तर, मधी काहून थांबवली?"

मास्तर आरशात मिशा पुसत होते. ते वळले.

"मी कुठं थांबवली? तूच थांबवलीस ना. मला वाटलं, घाबरलास."

३

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. जागा वेगळी, वेळ तीच, दहाच्या आसपास. आणि थांबून राहायचा वेळही तेवढाच. मी मनात आकडे मोजले. वीसपर्यंत मोजून होईस्तोवर ब्रेक खालीच असायचा, मग अलगद वर यायचा. कोणी सावकाश रस्ता ओलांडावा आणि ते पलीकडं गेल्यावर ड्रायव्हरनं गाडी सोडावी, तसं.

माझी खात्री झाली की हे मास्तरच करतात. म्हाताऱ्याला मला पास होऊ द्यायचं नाही. नाही म्हणायचं धाडस नाही, म्हणून अशी परीक्षा घेतोय. मी मनातल्या मनात त्यांना शिव्या दिल्या. रविवारी मात्र गाडी कुठंच थांबली नाही. मला वाटलं, मास्तर कंटाळले.

सोमवारी पुन्हा थांबली, आणि या वेळी जोरात. माझा हात आता बसला होता, गाडी पन्नासच्या पुढं होती. मास्तरांचं डोकं समोरच्या काचेवर आपटलं. मी भडकलो.

"मास्तर, ह्याच्यात माझा जीव जाईल एखाद्या दिवशी! शिकवायचं नसेल तर सांगा तसं."

मास्तर कपाळ दाबून धरून बसले होते. उत्तर देण्याऐवजी त्यांनी बोटानं खाली दाखवलं.

ते सीटवर मांडी घालून बसले होते. चपला त्यांनी दाराशी काढून ठेवल्या होत्या. दोन्ही पाय वर, धोतराखाली. आणि त्यांच्या बाजूचा ब्रेक तळाला टेकलेला होता.

आम्ही दोघं त्याच्याकडं बघत राहिलो. पेडलवर काळं रबर होतं. ते मधोमध दबलेलं होतं, कडा वर आलेल्या. इंजिन चालू होतं, वायपरची सैल काडी काचेवर टकटक वाजत होती. रस्त्यावर कोणीच नव्हतं. मी मोजत नव्हतो, पण आकडे आपोआप डोक्यात चालू झाले.

विसाव्या आकड्याला पेडल वर आलं. रबर फुगून पुन्हा सपाट झालं.

"चल," मास्तर म्हणाले. 

४

प्रेमदास मिस्त्रीनं गाडीखाली जाऊन सगळं तपासलं. रॉड सरळ. स्प्रिंग नवी. कुठं हवा नाही, कुठं गळती नाही.

"गाडी ठीक हाय," तो हात पुसत म्हणाला. "गाडीला दणका बसला की रॉड हलू शकतो कधी. रस्ते बी आपले तसलेच."

मी ते मानलं. मानण्याजोगंच होतं. लोखंड आहे, जुनं आहे, दणके बसतात. वीस आकड्यांचं काय, मी मोजतो म्हणून वीस होतात. घाबरलेल्या माणसाला सगळीकडं हिशोब दिसतो.

मास्तर मात्र मानेनात. त्यांनी दोन दिवस दुसऱ्या मुलाला त्याच रस्त्यानं, त्याच वेळी नेलं. गाडी थांबली नाही. मग स्वतः चालवली, मला बाजूला बसवून. थांबली नाही. माझ्या हातात दिली आणि दहा वाजता थांबली.

"तुझ्यातच हाय कायतरी," ते म्हणाले.

टेस्ट अठरा तारखेला होती. आरटीओच्या साहेबांसमोर गाडी अशी मधेच थांबली तर नापास. हरिचंद शेठ तेवढ्यासाठी थांबले होते. त्यांच्याकडं दुसरे दोन ड्रायव्हर विचारून गेले होते. सोळाच्या संध्याकाळी मी मास्तरांना म्हणालो, "रॉडच काढून टाकू. मंग तुमच्या बाजूनं काय बी होऊ द्या, गाडी थांबणार न्हाई."

"अन् तू चुकलास तर?"

"मी चुकणार न्हाई."

मास्तर शेडच्या दारात जाऊन उभे राहिले. रस्त्यानं कापसाच्या गाड्या जात होत्या.

"मला हे बरं दिसत न्हाई, विश्वंभर. कोण दाबतं ते म्या पाह्यलं न्हाई. पण आजवर त्यानं काई वाईट केलेलं न्हाई. थांबवलंच फक्त."

"मास्तर, माझं लेकरू दुसऱ्याच्या घरी हाय," मी म्हणालो.

प्रेमदासनं दोन बोल्ट काढले. रॉड बाहेर आला, हातभर लांब, वंगणानं काळा. मास्तरांच्या बाजूचं पेडल तसंच राहिलं, पण आता ते कशालाच जोडलेलं नव्हतं. मी वाकून हातानं दाबून पाहिलं. स्प्रिंगवर खालीवर होत होतं, बस.

५

सतराला सकाळी हवा स्वच्छ होती. माझा हात इतका हलका कधीच चालला नव्हता. गिअर आवाज न करता पडत होते. मास्तर पाय सीटवर घेऊन बसले होते.

घड्याळात दहाला दोन मिनिटं होती.

समोर सरळ रस्ता. उजवीकडं हरभऱ्यात दोन बाया वाकलेल्या, लांब. डावीकडं बाभळी. मी मुद्दाम वेग कमी केला नाही. मला बघायचं होतं.

खट्.

मास्तरांच्या बाजूचं पेडल तळाला गेलं. माझ्या पायाखालचं वरच राहिलं. गाडी चालत होती.

पेडल वर आलं आणि पुन्हा खाली. खट्. या वेळी पत्रा हादरला. मग पुन्हा. मास्तर दाराकडं सरकले, त्यांनी वरची दांडी धरली. "विश्वंभर," ते म्हणाले, मग ओरडले, "विश्वंभर, दाब!"

माझा पाय ब्रेकवर होता. दाबायचा होता. मी समोर पाहिलं. डांबरावर ऊन चमकत होतं. खडा नव्हता, पाखरू नव्हतं, सावली नव्हती. कोणासाठी दाबू? एवढाच विचार मनात आला. तो विचार संपेपर्यंत गाडी पुढं निघून गेली होती.

धक्का बसला नाही. आवाज आला नाही. चाकाखाली काहीच आलं नाही.

पेडल अर्ध्यावर आलं होतं. तिथंच थरथरत राहिलं. मग एकदम सुटलं आणि वर आदळलं, दाबणाऱ्याचा पाय निघून जावा तसं.

मी गाडी कडेला घेतली. मास्तर उतरले, मागं चालत गेले. आरशात ते मला दिसत होते. वाकून डांबराकडं बघत होते, मग बाभळींच्या खाली, मग पुन्हा डांबराकडं. परत आले तेव्हा त्यांचं तोंड राखेसारखं झालं होतं.

"काय हाय तिथं?" मी विचारलं.

"काई न्हाई."

६

गाडीत चढल्यावर मास्तरांनी बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं.

"तू ब्रेक काहून दाबला न्हाईस?"

"रस्ता मोकळा होता."

"ते पेडल बोंबलून सांगून राहिलं होतं तुला."

मी स्टिअरिंगवरची धूळ पुसत राहिलो.

"त्या बाईचं खरं सांग," मास्तर म्हणाले. "शिरड शहापूरच्या. पोलिसाला सांगितलं ते नको. मी तीस वर्सं रस्त्यावर काढले. दिवसाउजेडी सरळ रस्त्यावर बाई दिसत न्हाई, असं होत न्हाई."

का कोणास ठाऊक, त्या दिवशी ते मला अडवता आलं नाही.

"दिसली होती," मी म्हणालो.

ती लांबूनच दिसली होती. डोक्यावर गवताचा भारा, रस्त्याच्या मधोमध. तिनं गाडी पाहिली आणि ती थांबली. मागं जावं की पुढं, तिला कळेना. मग तिनं हात वर केला. पंजा माझ्याकडं करून, थांब म्हणून. मला वाटलं, होईल बाजूला. माणसं होतात बाजूला. मला उशीर झाला होता आणि मी पाय उचलला नाही. तिचा हात शेवटपर्यंत वर होता.

हे मी पहिल्यांदाच तोंडानं बोललो. बोलून झाल्यावर कानात गाडीच्या वायपरची टकटक तेवढी राहिली.

मास्तरांनी किल्ली स्वतःकडं घेतली. येताना गाडी त्यांनीच चालवली. शेडपाशी उतरल्यावर म्हणाले, "आजच्या आज तिथं जा. तिच्या पायाशी बसून ये. काय बोलायचं ते तुझं तू बघ. न गेलास तर उद्या टेस्टला मी येत न्हाई, अन् शेठला शब्द बी देत न्हाई."

७

शिरड शहापूरला उतरलो तेव्हा दोन वाजले होते. घर विचारावं लागलं. बौद्धवाड्यात शेवटचं, निळ्या दाराचं. ओसरीतच लोखंडी पलंग होता आणि त्यावर पद्माबाई. मी ओळखलं नसतं. बाई वाळून एवढीशी झाली होती. पायाशी तिची लेक शिला बसली होती, हातात रॉकेलचा बोळा घेऊन.

तिनं मान वर केली. ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"तुमीच ना?"

"व्हय."

"दोन वर्सानं आलात."

"व्हय."

मला वाटलं, हाकलून देईल. मी त्यासाठी तयारच होतो. पण तिच्या तोंडावर राग कमी होता आणि घाबरलेपण जास्त. घरात दुसरं कोणी नव्हतं. ज्याला सांगता येईल असं समोर जे माणूस आलं, त्याला ती सांगायला लागली.

"सहा तारखेपासून चालू हाय हे. डॉक्टर म्हणले होते, कमरेखाली जीव न्हाई. सुई टोचली तरी कळत न्हाई तिला. अन् सकाळी दहा वाजले की ती उजवा पाय ह्या पट्टीला असा दाबून धरते. बगा."

पलंगाच्या पायाकडची लोखंडी पट्टी बाहेरच्या बाजूला वाकली होती.

सहा तारखेला मी पहिल्यांदा ट्रकवर बसलो होतो. मी ते तिला सांगितलं नाही. माझ्या मनात एकदम काय आलं असेल तर ते हे की पट्टी जुनी असेल, आधीच वाकलेली असेल.

"आज लई जोरात दाबला. तिनदा. पलंग सरकला. मी घाबरून शेजारच्या काकूला बोलवाया गेले. दोन मिन्टं बी झाले नसतील. आले तर हे."

तिनं बोळा बाजूला केला. पद्माबाईचे तळवे माझ्यासमोर होते. दोन वर्षं जमिनीला न लागलेले, लहान लेकरासारखे मऊ झालेले तळवे. त्यांना डांबर चिकटलं होतं. डांबरात बारीक खडी रुतलेली, आणि दोन्ही टाचा फाटून रक्त आलेलं, खूप जोरात अनवाणी पळाल्यावर येतं तसं.

"कुठून आलं हे?" शिलानं विचारलं. "तुमी सांगा ना. आमच्या गल्लीत डांबर न्हाई."

 मी खाली बसलो. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं, त्यातलं काही आठवेना. मी पद्माबाईकडं पाहिलं. ती माझ्याकडंच बघत होती, पापणी न हलवता. छाती वरखाली होत होती.

"मावशी," मी म्हणालो, "मला तुमी दिसल्या होत्या."

शिलाचा हात थांबला.

पद्माबाईनं डोळे मिटले. तिच्या घशातून आवाज निघाला, शब्द नव्हते. आणि तेवढ्यात माझा फोन वाजला. कोमल होती.

"तुमी आज नरसीला आले होते का?" तिनं विचारलं. नमस्कार नाही, काही नाही.

"न्हाई. काहून?"

"वैष्णवी शाळंला गेलीच न्हाई. रस्त्याच्या कडंला बसून होती. दंडावर वळ उठले तिच्या. मला काई सांगेना. पप्पाला बोलवा म्हणती."

८

निघताना शिलानं माझा नंबर घेतला, मी तिचा घेतला. शिरडहून हिंगोली, हिंगोलीहून नरसी. पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. सासुरवाडीचं घर रस्त्यालाच लागून आहे. पलीकडं प्रसादाची आणि नारळांची चार दुकानं आणि त्यांच्या मागं शाळा. वैष्णवी रोज सकाळी दहा वाजता तो रस्ता ओलांडून शाळेत जायची, एकटीच. आजी तिला दारापर्यंत सोडून आत वळायची.

ती ओसरीवर कुरमुरे खात बसली होती. ताप नव्हता. रडलेली नव्हती. मला बघून हसली, जवळ आली. मी तिची बाही वर केली. डाव्या दंडावर चार बोटं आणि अंगठा, लालजांभळे. कोणीतरी ओढताना धरलं होतं. बोटं लांब होती, मोठ्या माणसाची.

"कोणी धरलं ग तुला?"

"आधी तुमी सांगा," ती म्हणाली. "आज काहून थांबले न्हाई?"

"कुठं?"

"इथं. रोज तुमी लाल गाडी घेऊन येता. थांबता. मंग मी जाते. मी हात करते, तुमी बघतच न्हाई माझ्याकडं."

कोमल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती हळूच म्हणाली, "दहा-बारा दिवस झाले, हेच सांगून राहिली. मला वाटलं, तुमी गुपचूप येऊन जाता. मला बरं बी वाटलं होतं."

मी नरसीला आलो नव्हतो. दिवाळीपासून एकदाही नाही. दहा वाजता मी इथून कित्येक कोस लांब, सिद्धेश्वरच्या रस्त्याला होतो. मास्तर साक्षीला होते. हे सगळं मी स्वतःला एकेक करून सांगितलं.

"आज मी निम्म्या रस्त्यात गेले," वैष्णवी म्हणाली, "अन् गाडी थांबलीच न्हाई. मंग एक आजी पळत आली. तिनं मला वढलं. जोरात. आमी दोघी पडलो."

"कोणती आजी? दुकानातली?"

"न्हाई. ती न्हाई. हिला चप्पल नव्हती. लई धापा टाकत होती." तिनं ताटलीतला शेवटचा कुरमुरा बोटानं टिपला. "तुमाला निरोप दिला तिनं."

"काय म्हणली?"

"म्हणली, बापाला सांग, उद्या मी न्हाई."

९

त्या रात्री मी झोपलो नाही. वैष्णवीच्या उशाशी बसून राहिलो.  पहाटे कोमलही उठून माझ्या शेजारी येऊन बसली, आणि तेव्हा मी तिला पद्माबाईचं सगळं सांगितलं. जे होतं ते. तिनं ऐकून घेतलं. उठून मात्र गेली नाही.

अकराला हिंगोलीत टेस्ट होती. आठ वाजता मी मास्तरांना फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. मास्तर म्हणाले, "बरं." मग म्हणाले, "गाडी शेडमधीच उभी हाय. किल्ली माझ्या उशाखाली हाय. आज कोणालाच देणार न्हाई मी." ती टेस्ट मी नंतरही कधी दिली नाही.

आज शाळा नको, असं मी वैष्णवीला म्हणालो. ती ऐकेना. कोमल म्हणाली, "किती दिवस घरात ठेवणार? तुमी न्या. हात धरून न्या."

आम्ही रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. पलीकडच्या दुकानात अगरबत्ती लावत होते. नारळवाला पोत्यातून नारळ काढून रचत होता. रस्ता दोन्ही बाजूंना मोकळा. मी उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं, पुन्हा उजवीकडं. लांब वळणापर्यंत काहीच नव्हतं. एखाद्या माणसानं बिनघोर पाय टाकावा असा रस्ता.

दहा वाजले.

"चला ना पप्पा," वैष्णवीनं हात ओढला. "आली गाडी. थांबती आता."

मला काही दिसत नव्हतं. मला काही ऐकू येत नव्हतं. तिनं एक पाय रस्त्यावर टाकला होता. तिचा घामेजला हात माझ्या मुठीतून निसटत होता. मी दोन्ही हातांनी तिला धरलं, छातीशी घेतलं आणि पाठ रस्त्याकडं करून खाली बसलो.

वारा आला. एकाच लोटात, गरम, डिझेलच्या वासाचा. माझा सदरा पाठीवर फडफडला. पलीकडची अगरबत्ती विझली आणि रचलेले नारळ घरंगळत रस्त्यावर आले. पायाखालची जमीन हादरत गेली, डावीकडून उजवीकडं, आणि मग हादरा लांब लांब जात थांबला.

नारळवाला धावत नारळ गोळा करत होता. "काय रे हे वारं!" तो म्हणाला.

मी किती वेळ तसाच बसलो होतो, माहीत नाही. खिशात फोन वाजायला लागला. काढून पाहिला. शिलाचा होता. ती काय सांगणार, ते मला कळलं. मी तो तसाच खिशात ठेवला.

वैष्णवीला मी कडेवर घेतलं. उजवीकडं पाहिलं, डावीकडं पाहिलं. मग एकेक पाऊल टाकत तिला रस्ता ओलांडून पलीकडं नेलं. फोन तेवढा वेळ वाजत होता.